न मोजलेली पिल्लं

विमला गोताडला उंदरांना जेवू घालायची नोकरी लागली, ही बातमी मिरजोळ्याच्या वाडीत पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. कणगीतलं भात उंदरांपासून वाचवता वाचवता जिथे माणसं म्हातारी होतात, तिथली सून सकाळी पदर खोचून निघते, एमआयडीसीत जाऊन उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या भरते, त्यांची अंथरुणं बदलते आणि वर पगार घेते! "गो विमल, आमच्या माळ्यावरचे चार घेऊन जा, त्यांची पन सोय होईल," असं शेजारचा गंगाराम रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा. विमला उत्तर द्यायची नाही. हसतील त्यांचे दात दिसतील, असं तिचं साधं गणित होतं.

हे ब्याऐंशी साल. मुंबईच्या एका औषध कंपनीने वसाहतीच्या टोकाला, जिथे डांबर संपून कातळ सुरू होतो तिथे, एक बैठी प्रयोगशाळा बांधली होती. तिचे सर्वेसर्वा डॉक्टर चारुदत्त आगाशे, रत्नागिरीच्या वरच्या आळीतले. परदेशात सात वर्षं काढून परत येताना लोक टेपरेकॉर्डर आणतात. यांनी एका पेटीतून सहा पांढरे उंदीर आणले. आळीतल्या लोकांनी डोंगर पोखरून उंदीर काढल्याचा विनोद निदान चारशे वेळा केला असेल. साहेबही विमलेसारखेच, ऐकून न ऐकल्यासारखं करणारे.

त्या उंदरांची गोष्ट साहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितली, कारण त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नसे आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला बाहेरून निरोप येत असतात. वाढ, थांब, खा, हल. निरोप दारापर्यंत येतो. तो आत पोचवायचं काम काही एन्झाइमं करतात. "समजा घरी तार आली विमलाबाई, आणि घरात वाचता येणारं कुणीच नाही. मग तार आली काय आणि न आली काय." या उंदरांच्या वंशात असं एक वाचणारं एन्झाइम तयार करणारं जनुक मोडलेलं होतं. "तिकडे अमेरिकेत हवं ते जनुक ठरवून मोडायच्या मागे लागलेत लोक. दहा वर्षांत करतील, बघा. आपल्याला ते निसर्गानेच मोडून दिलंय. ते नसलं की काय बिघडतं ते बघायचं. म्हणजे ते असतं तेव्हा काय करतं हे कळेल."

विमला चौथी शिकलेली. पण घरात तार वाचणारं कुणी नसणं म्हणजे काय, हे कळायला तिला शाळेची गरज नव्हती.

साहेबांचा हिशेब असा होता. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक मोडकी आणि एक धड असली तर उंदीर ठणठणीत राहतो. असा नर आणि अशी मादी एका पिंजऱ्यात ठेवली, की चार पिल्लांमागे एक असं निघायला हवं, की ज्याच्या दोन्ही प्रती मोडक्या. त्या एकाची साहेब वाट बघत होते. पिल्लं जरा मोठी झाली की रक्ताचा थेंब काढून तपासत. पूर्ण एन्झाइम असलेली निघायची, निम्मं असलेली निघायची. मुळीच नसलेलं एकही नाही. पन्नास झाली, शंभर झाली, तीनशे झाली, तरी एकही नाही.

आणि उंदीरघर सगळं विमलेच्या हातात. भाताच्या गिरणीतून आणलेला तूस वाफेत शेकून तीच पिंजऱ्यांत पसरायची. कोणत्या उंदराच्या पाठीवर पिवळा ठिपका, कोणाच्या शेपटीच्या मुळाशी, कोणाचा आजा कोण आणि पणजी कोण, हे कागदावर असायचंच, पण साहेब कागदाआधी तिला विचारायचे. मादी व्यायला आली की तिच्या चालण्यावरून विमलेला कळायचं. ती दारं हळू लावायची, पावलं न वाजवता फिरायची, काचेच्या बाटल्यांचा आवाज होऊ द्यायची नाही. बाळंतिणीची खोली असते ना, तसंच ते घर तिने ठेवलं होतं. माझं म्हणणं असं आहे की पुढे जे झालं ते तिच्या निष्काळजीपणातून झालं नाही. काळजीतूनच झालं.

रजिस्टरात एक रकाना होता, 'जन्मलेली पिल्लं'. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जन्मल्या दिवशी मोजायची." विमलेने मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यांत आमच्याकडे बरंच अंतर असतं. मादी व्याली की ती त्या दिवसाची तारीख लिहायची आणि आकड्याची जागा कोरी ठेवायची. पिंजऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाणी-खाणं द्यायची ते मान फिरवून. सहाव्या दिवशी सकाळी झाकण उघडून मोजायची आणि तो आकडा पहिल्या तारखेपुढे लिहायची.

कारण तिच्या सासूचा, सखूआत्याचा, नेम. सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहून जाते, त्याआधी पोर आपलं नसतं. सटी होण्याआधी पोर मोजू नये, जोखू नये, कुणाला कळवू नये. विमलेने हा नेम एकदा मोडला होता. पहिला मुलगा झाला त्याच दिवशी तिने मुंबईला नवऱ्याला, केरूला, कार्ड टाकायला लावलं. कार्ड मुंबईत पोचायच्या आत मुलगा गेला. तिसरा दिवस होता. तीन वर्षांनी मुलगी झाली. तेव्हा कार्ड नाही, काही नाही. पण विमलेने मनातल्या मनात म्हटलं होतं, आता एक झाली. तीही चौथ्या दिवशी गेली. पुढे काहीच झालं नाही. केरूने दुसरी केली नाही, या उपकाराची वाडी तिला वर्षातून दोनदा तरी आठवण करून द्यायची.

तर अशी बाई उंदरांची पिल्लं पहिल्या दिवशी मोजेल कशी? मोजली की मरतात, हे तिने डोळ्यांनी बघितलेलं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर वसाहतीत कुजबुज सुरू झाली, की मुंबईचं मुख्य ऑफिस ही प्रयोगशाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'शाळा', बंद करणार. सहा वर्षांत इथून एक गोळी बाहेर पडली नाही, मग उंदीर काय कंपनीने पोसावे? साहेब खंगत चालले. डबा तसाच परत न्यायचे. आणि मग एका सकाळी ते उंदीरघरात आले ते जवळजवळ धावतच. हातात परदेशी शिक्क्याचं पाकीट.

"घेतला! विमलाबाई, त्यांनी आपला निबंध घेतला! किती मोठं मासिक आहे ठाऊक आहे? आता बंद करून दाखवा म्हणावं!"

विमला मनापासून हसली. आयुष्यात कुणी 'आपला' म्हणून तिला कशात धरलं नव्हतं. मग तिने सहज विचारलं, "त्यात लिवलाय काय, सायेब?"

साहेब स्टुलावर बसले आणि तिला समजेल असं सांगू लागले. तीनशे सहासष्ट पिल्लं. दर वेताला सरासरी सहा, खरं म्हणजे हवीत आठ. दोन कमी. आणि दोन्ही प्रती मोडलेलं एकही नाही. म्हणजे जी दोन कमी, तीच ती. "ती जन्मालाच येत नाहीत, विमलाबाई. गर्भातच जातात. या एन्झाइमाशिवाय गर्भ उभाच राहत नाही. आकडा कसा चपखल बसलाय बघा! गाभण माद्या कापून खात्री करायची होती मला, पण तेव्हा माद्या जेमतेम बावीस, आणि तुम्ही हात जोडलेत. नाही कापल्या तेच बरं झालं. तुमचं रजिस्टरच पुरलं."

विमलेने हातातली बाटली खाली ठेवली.

कारण मान कितीही फिरवली तरी डोळे कुठे जातात? नुकती झालेली पिल्लं लाल, कातडी इतकी पातळ, की प्यायलेलं दूध पोटात पांढरं दिसतं. दर वेताला दोन-तीन अशी असायची, की पोटात पांढरं नाही. नुसती पडलेली. आईच्या अंगाला लागून, पण तोंड न लावलेली. तिसऱ्या दिवशी ती नसायची. मेलेलं पिल्लू उंदरीण खाऊन टाकते, तुसात नखभरही उरत नाही. विमलेला हे सहा वर्षं ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक नाही, हे तिला आज कळलं.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. बोलून करणार काय? तो निबंध होता म्हणून शाळा होती. शाळा होती म्हणून साहेब होते, उंदीर होते, तीही होती. तिने स्वतःला समजावलं, की आपण अडाणी, आपल्याला काय कळतं, आपलीच नजर फसली असेल. मग दुसऱ्या दिवशी एक मादी व्याली, आणि विमलेने सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच दिवशी झाकण उचलून मोजली. नऊ. तिसऱ्या दिवशी सात. पुढची मादी, आठ. चौथ्या दिवशी सहा. तिसरी, सात, मग पाच. प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आपण मोजली म्हणून मेली. आणि प्रत्येक वेळी तिला हेही कळायचं की तसं नाही, ती दर खेपेला मरतच होती. या दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट हे तिला ठरवता येईना. दोन्ही सहन होत नव्हतं.

घरी येऊन तिने सखूआत्याला विचारलं, "आत्या, माजी दोन दूध ओढत न्हवती ना?"

म्हातारी शेंगा सोलत होती. तिने हात थांबवला नाही. "सटवीनं लिवलाच न्हवता त्यांचा. आता कशाला उकरून काडतंस?"

पंधरा दिवस विमलेने तोंडाला कुलूप लावलं. शेवटी कुलपानेच दगा दिला. साहेब मासिकवाल्यांना पाठवायचं उत्तर वाचत होते. छापण्याआधी तिकडच्या तपासनिसाने एकच शंका काढली होती: पिल्लं जन्मल्या दिवशीच मोजली होती काय? साहेबांनी 'अर्थातच' असं लिहिलं होतं, आणि ते तिला हसून सांगत होते, "बघा, तुमच्यावर शंका!"

"सायेब, ती जल्मतात."

"कोण?"

"तुमी म्हंता ती. पोटात मरनारी. ती जल्मतात. दर वेताला दोन-तीन. दूध ओढत नायत. मग मरतात आनि आई खाऊन टाकते."

साहेबांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्यामागे काहीच उरलं नाही. "पण रजिस्टरात... जन्मल्या तारखेला आकडे आहेत."

"तारीक पयल्या दिवसाची. मोजते सहाव्या दिवशी."

ते उठून उभे राहिले. नेहमी 'तुम्ही' म्हणणारा माणूस त्या दिवशी तिला एकेरीवर बोलला. "सहा वर्षं! अगं, सहा वर्षं काय करत होतीस तू? मी जगाला सांगून बसलोय! गर्भात मरतात म्हणून सांगून बसलोय! एक आकडा, एक आकडा मोजायला सांगितला होता तुला!" त्यांचा आवाज इतका चढला की पिंजऱ्यांतले उंदीर कोपऱ्यांत दडले. विमलेने खाली बघत आपल्या दोन पोरांचं सांगितलं. कार्डाचं सांगितलं. साहेब ऐकत होते की नाही कळलं नाही. ते भिंतीला टेकून तुसाच्या गोणीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पन्नाशीच्या माणसाला रडताना बघणं वाईट. आपल्यामुळे रडताना बघणं त्याहून वाईट.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दमयंतीबाई येताहेत मुंबईहून. शाळा ठेवायची की नाही ते त्या ठरवणार. तोवर बोलू नका. एवढं होऊ दे, मग मी बघतो."

विमलेने पुन्हा मान हलवली.

त्या आठवड्यात साहेब रोज पिंजऱ्यांपाशी तिच्याबरोबर बसले. मोजत होते दोघं. आणि एका वेतातलं एक पिल्लू विमलेने आई त्याला खायच्या आत उचललं. का, ते तिला विचारू नका. वाडीतल्या शेळीचं दूध पाण्यात पातळ केलं, कापसाची वात दाभणाइतकी बारीक वळली, आणि थेंब थेंब त्याच्या ओठाला लावत बसली. तासाभराने पोटात पांढरा ठिपका दिसला. आधीची चार तिने अशीच धरली होती आणि चारही हातातच गेली होती. हे पाचवं. कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी डबीत ठेवून ते ती घरीही न्यायची, परत आणायची. गंगाराम म्हणाला, "आता उंदराची दाई झालीस काय गो?" या वेळी तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो विनोद तिथेच संपला.

मंगळवारी दमयंतीबाई आल्या. कंपनीच्या संशोधन विभागाच्या प्रमुख. सुती साडी, पांढरे होऊ लागलेले केस. बोलायला मऊ. निबंधाचं कौतुक केलं. म्हणाल्या, असं काम मुंबईत बसूनही कुणी केलं नाही, मी बोर्डाला सांगेन. साहेबांच्या कपाळावर घाम होता. मग बाई उंदीरघरात आल्या, पिंजरे बघितले, स्वच्छता बघून खूश झाल्या, आणि निघता निघता, खरोखर नुसतं बोलायचं म्हणून, विमलेला म्हणाल्या, "सगळं तुम्हीच बघता ना? पिल्लं मोजता तीही तुम्हीच? जन्मल्या दिवशी?"

साहेब जमिनीकडे बघत होते.

विमलेला त्या क्षणी काय वाटलं ते तिने पुढे मला सांगितलं, म्हणून मी सांगतो. तिला वाटलं, 'हो' म्हटलं की सगळं राहील. उंदीरघर राहील, साहेबांचं नाव राहील. आणि जगात कुठेही असं पिल्लू जन्मलं तर लोक म्हणतील, असं जन्मतच नसतं. कुणी त्याच्याकडे बघणार नाही. कुणी त्याच्या तोंडात थेंब घालणार नाही. आतल्या खोलीत डबीत तीन दिवसांचं एक होतं, जिवंत.

"नाय बाई," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी मोजायचे. माजी चूक."

दमयंतीबाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांना अजूनही पळवाट होती. बाई अडाणी आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "खरं आहे ते. निबंध चूक आहे. मी मागे घेणार आहे."

बाईंनी फाइल मिटली. रागावल्या नाहीत. जाताना विमलेच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यावरूनच विमलेला कळलं की संपलं. चार दिवसांनी पत्र आलं. महिनाअखेर शाळा बंद, प्राण्यांची विल्हेवाट लावावी. विल्हेवाट हाच शब्द होता.

इकडे डबीतलं पिल्लू जगत होतं. त्याची सटी झाली. अंगावर पांढरी लव आली. नवव्या दिवशी साहेबांनी सुईच्या टोकाने त्याचा रक्ताचा थेंब काढला आणि दिवसभर यंत्रापाशी बसले. संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. "शून्य," ते म्हणाले. "एन्झाइम शून्य. हेच ते. सहा वर्षं शोधत होतो ते." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दूध ओढायचा निरोपच पोचत नाही. बाकी पिल्लू धड. नुसतं भरवलं असतं तर..."

पण उशीर झाला होता, बंदचं पत्र टेबलावर होतं.

विमलेने विचारलं, "ह्या एन्झाइम मानसात असता काय?"

"असतं."

"मानसात पन मोडता?"

साहेबांनी उत्तराऐवजी विचारलं, "विमलाबाई, तुमचे यजमान नात्यातले का?"

"आत्याचा पोरगा. आजा येकच."

ते म्हणाले, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही अजून. लहान मुलं शंभर कारणांनी जातात. तुम्ही असं काही मनात आणू नका."

मनात आणू नका म्हणे! साहेब मोठे विद्वान, पण काही बाबतींत अगदीच भाबडे. विमला डबी पोटाशी धरून घरी गेली. रस्ताभर तिला दिसत होतं ते एकच: कुडाच्या खोलीत तिच्या कुशीत पडलेला मुलगा, धडधाकट, काळेभोर जावळ, आणि तोंड मिटलेलं. सगळ्या बायका म्हणत होत्या, दूध ओढील, आज ना उद्या ओढील. कुणी त्याला बोळ्याने दूध पाजलं नव्हतं. सटी होईपर्यंत जास्त हात लावायचा नसतो. तिने स्वतःही लावला नव्हता. मुलीच्या वेळी तर अजिबातच नाही, जास्तच नेम पाळला होता. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उठता येईना. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, नोकरी गेली म्हणून रडते आहे.

बाराव्या दिवशी पिल्लाच्या छातीत दूध गेलं. वातीतून एक थेंब जास्त पडला, एवढंच. तिच्याच हातून.

महिनाअखेरीला साहेबांनी काचेच्या मोठ्या बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवला. ऑफिसवाले मुंबईहून माणूस पाठवतो म्हणाले होते, पण विमला म्हणाली, माझ्या हाताची सवय आहे त्यांना, दुसऱ्याच्या हाताला घाबरतील. दोन दिवस लागले. आठ-दहा आठ-दहा करून तिने ते सगळे उंदीर बरणीत सोडले, ज्यांच्या पणज्या तिने पाळल्या होत्या. माद्या शेवटी. त्यांतल्या तीन गाभण होत्या. या वेळी तिने हात जोडले नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी, रिकाम्या पिंजऱ्यांच्या खोलीत, साहेब मासिकाला पत्र लिहायला बसले. निबंध मागे घेत आहे. आणि खाली एक तळटीप, छापतील न छापतील: अकरा वेत, पहिल्या दिवशी मोजलेले. जन्मली सत्त्याऐंशी, दूध न ओढणारी तेवीस. त्यांपैकी एक हाताने भरवलेलं, बारा दिवस जगलं. रजिस्टर उघडून ते आकडे ताडून बघत होते. विमला समोर उभी होती.

"सायेब, माजी दोन पन लिवा."

साहेबांनी वर बघितलं. "विमलाबाई, हे उंदरांचं रजिस्टर आहे."

"म्हायत हाय. दुसऱ्या कुटल्या रजिस्टरात ती नायत. रेशनकार्डावर नायत, ग्रामपंचायतीत नायत. कुनी मोजलीच नायत."

साहेबांनी रजिस्टर जवळ ओढलं. मग त्यांनी शेवटच्या वेताच्या खाली नवी ओळ घेतली. आईचं नाव लिहिलं. जन्मली या रकान्यात दोन लिहिलं. दूध ओढलं या रकान्यात शून्य. मग त्यांचा हात पुढच्या रकान्यापाशी थांबला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी न बघताच विचारलं, "वजन?"

विमलेने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि किती ते आठवून बघू लागली.